हवापेटी आणि कार्ब्युरेटर

गाडीचे भाग आपसांत बोलत असत, त्या काळची ही हकिगत. कुमुदिनी रेडेकर नावाच्या नर्सबाई वडिलांच्या जुन्या मोटारसायकलवरून डोंगरातल्या वाड्यांवर लशी पोचवत.

हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर सदा कुरकुरायचा. "ही हवापेटी मला मोजूनमापून हवा देते. मला मोकळा श्वास हवा!" पेटी आपली हवा साठवून त्याला देत राही.

एकदा बाईंनी हौसेने पेटी काढून उघडा, चकचकीत फिल्टर लावला. गाडीचा आवाज भारदस्त झाला. कार्ब्युरेटर खूश झाला.

पण घाटात वारा सुटला आणि हवा भसाभसा आत शिरू लागली. तेवढ्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे नव्हतं. इंजिन तापलं आणि आचके देत बंद पडलं. लशींच्या डब्यातला बर्फ वितळत होता. बाईंनी डबा खांद्याला अडकवला आणि उरलेला घाट त्या पायी चढल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत कार्ब्युरेटर बघत राहिला.

गाडी गॅरेजात आणल्यावर बाबालाल मिस्त्री म्हणाले, "बाई, हवा वाढवलीत, पेट्रोल तेवढंच ठेवलंत. पेट्रोलची वाट मोठी करू, का पेटी परत बसवू?"

"पेटीच बसवा, चाचा."

पेटी जागेवर आली. कार्ब्युरेटरने हळूच विचारलं, "इतकी वर्षं तुला बोल लावले. राग नाही आला?"

"आला की," पेटी म्हणाली. "पण मी तो धरून बसले असते, तर तोही तुझ्याच श्वासात गेला असता."