न्हाव्याची द्राक्षवेल

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात नथू नावाचा न्हावी राहायचा. त्याची कात्री इतकी हलकी चालायची, की गिऱ्हाईक बसल्याबसल्या पेंगायचं. त्याची एकुलती एक लेक सुगंधा द्राक्षांच्या मुलखात दिली होती. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं बोटाएवढं एक रोप आणलं.

"बाबा, आमच्याकडची वेल आहे. हिला जपा."

नथूनं ते परसात लावलं. शेजारी काठी रोवली, जुन्या धोतराच्या मऊ चिंधीनं वेल अलगद बांधली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो तिच्यापाशी जाऊन उभा राही. बघता बघता सहा फुटवे आले. नथूला आभाळ ठेंगणं झालं.

शेजारची म्हातारी माळीण कुंपणावरून डोकावली. "नथू, एक जोमदार फुटवा ठेव, बाकीचे काढ. आधी खोड होऊ दे."

"लेकीनं दिलेल्या वेलीला कात्री लावू? नाही जमायचं, मावशी."

मग काय, वेल सुटली मोकाट! दुसऱ्या वर्षी ती पेरूवर चढली, कपड्यांच्या दोरीवर पसरली. नथूची बायको पारू ओला सदरा घेऊन जागा शोधत फिरायची. आणि द्राक्षं? मिरीएवढी, आंबट, तीही भुरीची पांढरी बुरशी पडून वाळली. नथूनं एक दाणा चाखला आणि दिवसभर तोंड वाकडं करून हिंडला.

दसरा झाला आणि सुगंधाचा निरोप आला. 'बाळंतपणाला फाल्गुनात येतेय. डोहाळे लागलेत, बाबा. आपल्या वेलीची द्राक्षं खायची आहेत.'

नथूचं धाबं दणाणलं. तो धावत माळिणीकडे गेला.

"छाटणीचे दिवस हेच आहेत," ती म्हणाली. "आज हात आखडलास, तर लेकीला पानं वाढावी लागतील."

नथू कात्री घेऊन वेलीसमोर उभा राहिला. हात काही उचलेना.

"अहो," पारू म्हणाली, "लेकरांचं जावळ काढताना त्यांच्या आयांना तुम्ही काय सांगता? रडू नका, दाट येईल म्हणून. ते काय खोटं सांगता?"

नथूनं डोळे पुसले. माळीण दाखवत गेली, तो कापत गेला. एक खोड राहिलं, हातांसारख्या दोन फांद्या राहिल्या, त्यांच्यावर कोंब फुटायचे मोजके डोळे राहिले. कापल्या जागेतून थेंब थेंब पाणी गळायला लागलं, तसा तो घाबरला.

"मावशी, रडतेय ही!"

"रस आहे तो, वेड्या. वेल जिवंत आहे म्हणून गळतोय. जा, जेवून घे."

आठ-दहा दिवस वेल नुसती काटकी दिसत होती. नथूला घास गोड लागेना. मग एका सकाळी वेलीचे डोळे फुगले, कोवळी पानं उलगडली आणि पानांआड हिरवे इवले घोस दिसले. दाटी झाली तिथले घोस नथूनं स्वतःच खुडले. माळिणीला सांगावंही लागलं नाही.

फाल्गुनात सुगंधा आली. सामान दारातच टाकून ती परसात गेली आणि वेलीखाली उभी राहून एकामागून एक द्राक्षं खात सुटली. रस हनुवटीवरून ओघळत होता.

"बाबा, छाटणी कुणी केली? आमच्याकडच्या बागवानालाही इतकी नेटकी जमत नाही!"

"मी," नथू म्हणाला आणि आणखी एक घोस तोडून त्यानं तिच्या हातात ठेवला.

"आणि हे बघ," पारूनं लेकीचा हात धरून कोपऱ्यात नेलं. छाटलेल्या काड्या तिनं फेकल्या नव्हत्या, फुटक्या मडक्यांत खोचल्या होत्या. अकरा मडक्यांत अकरा वेली फुटल्या होत्या. पाऊस पडताच आळीतल्या अकरा घरी त्या गेल्या आणि प्रत्येक घरी जादाचे फुटवे खुडायला नथूलाच बोलावणं आलं. तो हसत हसत गेला.

ऐकणाऱ्यानं तात्पर्य घ्यावं ते एवढंच: ज्याच्यावर माया आहे, त्याला वाटेल तसं वाढू देणं म्हणजे जपणं नव्हे. त्याच्या भल्यासाठी वेळेवर नको ते दूर करणं, हीसुद्धा मायाच.