चिखल्याचा पंख

एकदा एक वृद्ध पक्षिनिरीक्षक आपल्या तरुण शिष्याला घेऊन उजाडता उजाडता जलाशयाकडे निघाले. चैत्र चालू होता. पाणी मागे हटून काठाची वाळू उघडी पडली होती. वृद्धांना सगळे नाना म्हणत. शिष्याचे नाव हृषीकेश. नोकरीपायी शहरात एकटा राहणारा, मनाने हळवा आणि तोंडाने अखंड बोलणारा. अशा माणसाला पाखरे बघायला नेणे म्हणजे नानांच्या सहनशक्तीची परीक्षाच होती.

वाटेत त्याचे आईपुराण सुरू झाले. "नाना, आई हल्ली फोनवर काय रंगात येते म्हणून सांगू. छातीत दुखत होतं त्याचं काय झालं, एवढंच विचारलं, तर शेजारच्यांची म्हैस लग्नाच्या मांडवात कशी शिरली ते सांगत बसली. हसून हसून पुरेवाट झाली माझी."

"आणि दुखण्याचं?"

"ते राहूनच गेलं. पण आवाज अगदी ठणठणीत होता."

नानांनी चालता चालता एकदा त्याच्याकडे वळून पाहिले.

काठावर पोहोचताच हृषीकेश वाळूत पुढे गेला. तेवढ्यात त्याच्या पायांपुढून एक कंठेरी चिखल्या धडपडत निघाला. मुठीएवढे ते पाखरू, गळ्यात काळा पट्टा. एक पंख जमिनीवर फरफटत होता. थोडे पळावे, कोलमडावे, केविलवाणे ओरडावे, असे त्याचे चालले होते. खिशातला रुमाल काढून हृषीकेश त्याच्यामागे निघणार, तोच नानांचा करडा आवाज आला.

"त्याच्यामागे जाऊ नकोस. आल्या पावलांवर पाऊल ठेवत उलटा माघारी ये."

"अहो नाना, पंख मोडलाय त्याचा."

"ये म्हटलं ना."

हृषीकेशला काही उमजेना. जन्मभर भूतदया शिकवणारा हा माणूस जखमी जिवाकडे पाठ फिरवायला सांगतो? आणि उलटे चालायचे ते कशासाठी? म्हातारपणी नानांचे काही बिनसले तर नाही, अशी शंकाही त्याला चाटून गेली. गोंधळलेला आणि मनातून रागावलेला, तो अडखळत मागे आला. नानांनी त्याला दूर बाभळीखाली बसवले आणि दुर्बीण हातात दिली.

"आता बघ."

चिखल्या थांबला. त्याने मान वळवून इकडेतिकडे पाहिले, मोडलेला पंख नीट मिटला आणि तुरुतुरु चालत परत आला. हृषीकेशच्या शेवटच्या पाऊलखुणेपासून वीतभर अंतरावर, नुसत्या खड्यांवर, तो अलगद बसला. बसताना पोटाखालचे खडे किंचित हलले, तेव्हा कुठे कळले की ते खडे नव्हते. ती अंडी होती. आणखी एक पाऊल टाकले असते तर! हृषीकेशने दुर्बीण खाली घेतली.

"म्हणजे त्यानं मला फसवलं?"

"फसवलं कसलं," नाना म्हणाले. "जिथं जीव गुंतलाय तिथून तुझी नजर त्यानं दुसरीकडे नेली. तू जे दिसलं त्याच्यामागे धावायला निघालास. पाखरू काय दाखवतंय ते सगळेच बघतात. ते आपल्याला कुठून दूर नेतंय, तेही बघावं. यानं दुखणं दाखवून अंडी झाकली. माणसं कधी हसू दाखवून दुखणं झाकतात."

एवढे बोलून नानांनी त्याच्या हातातली दुर्बीण घेतली आणि पाण्याकडे रोखली.

मांडवातली म्हैस हृषीकेशला आठवली, आणि त्याआधीच्या फोनमधल्या साऱ्या गमतीजमती. तो उठला, थोडा दूर गेला आणि त्याने आईला फोन लावला.

"बरं झालं तूच केलास," आई म्हणाली. "अरे, काल काय गंमत झाली..."

"आई, गंमत मागाहून सांग. मी आज घरी येतोय. आपण डॉक्टरांकडे जाऊ."

आईची गंमत तिथेच थांबली. मग आई म्हणाली, "ये. एकटीला भीती वाटत होती रे."