कांद्याच्या चाळीतली वाइन

द्राक्षांच्या एका गावात पिठाच्या गिरणीपुढे दोन बायका डबे घेऊन नंबराची वाट बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "केदूबापूंच्या चाळीत म्हणे कांद्यापेक्षा बाटल्याच जास्त झाल्यात. आणि दिवस कलला की बापू एकटेच आत जातात, दार लोटून घेतात, अन् मग..."

तेवढ्यात गिरणीचा पट्टा सुरू झाला. पुढचं वाक्य पिठात गेलं. ते कोणाला ऐकू आलं नाही, पण ज्याने त्याने आपापल्या परीने पूर्ण केलं आणि दिवेलागणीपर्यंत गावभर पोचवलं.

केदूबापू बोरस्ते म्हणजे साठवणीतला जाणता माणूस. कांदा साठवायची चाळ कुठल्या दिशेला बांधावी, हवा कशी खेळती ठेवावी, ढीग किती उंच घालावा, हे त्यांना विचारायला चार गावांचे लोक येत. उन्हाळ्यात भरलेला त्यांचा कांदा दिवाळीला काढला तरी टणक असे. बापू सगळ्यांना मन लावून सांगत. त्यांनी मात्र कधी कोणाला काही विचारलं असेल, असं गावात कोणाला आठवत नव्हतं.

त्यांची मुलगी वृषाली वाइन करायला शिकली. शिकत होती त्या वाइनरीच्या मालकांनी तिला एक लहानशी टाकी वापरायला दिली. बापूंच्या बागेच्या कडेला वाइनच्या काळ्या द्राक्षांच्या चार ओळी होत्या. त्या द्राक्षांची वृषालीने आपली पहिली वाइन केली. चोवीस बाटल्या भरल्या. मग तिला लांबच्या एका वाइनरीत दोन वर्षांचं काम मिळालं. जाताना तिने त्या बाटल्या वडिलांच्या हवाली केल्या.

"बापू, मी परत आले की उघडू. तोवर सांभाळा. कशा ठेवायच्या ते मथुराबाईंना विचारून घ्या."

मथुराबाई गांगुर्डे गावातल्याच. वाइनरीच्या तळघरात त्यांनी बारा वर्षं बाटल्या रचण्याचं आणि राखण्याचं काम केलं होतं.

"बरं, बरं," बापू म्हणाले. मुलीची गाडी दिसेनाशी झाल्यावर ते बायकोकडे, ठकूबाईंकडे, वळले. "आता साठवण मला मथुराबाई शिकवणार होय?"

"विचारलं तर काय झिजतंय तुमचं?" ठकूबाई म्हणाल्या. बापूंनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

त्यांनी कांद्याच्या चाळीत फळ्या ठोकल्या. चाळीच्या बाजूंना जाळी, वर पत्रा, वारा इकडून आत आणि तिकडून बाहेर. कांद्याला जे मानवतं ते बाटलीला का मानवू नये? बाटल्या त्यांनी उभ्या मांडल्या, कागदी लेबलं समोर करून. तेलाची बाटली उभी असते, औषधाची उभी असते, मग हीच तेवढी काय आजारी आहे आडवं पडायला?

मांडणी दिसायला झकास झाली. बघणारे "वा बापू" म्हणाले आणि तिथेच बापूंना नाद लागला. कुठे जाता येता वाइनरी दिसली की ते एक बाटली घेऊन येत. लाल आली, पांढरी आली, फसफसणारीही आली. कोणती लवकर प्यायची, कोणती ठेवायची, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. बघता बघता एकसष्ट बाटल्या झाल्या. पाहुणे आले की चहाआधी चाळ बघायला नेत. एखादी उघडायची गोष्ट कोणी काढली तर म्हणत, "छे छे. जितकी जुनी तितकी चढत जाते. चिंचेसारखं असतं ते."

रोज दिवस कलला की बापू चाळीत जात. वाऱ्याने धूळ येऊ नये म्हणून दार लोटून घेत आणि एकेक बाटली मऊ फडक्याने पुसत.

एकदा मथुराबाई कांदे न्यायला आल्या. त्यांची नजर फळ्यांवर गेली आणि त्या थबकल्या.

"बापू, उभ्या नका ठेवू. आडव्या ठेवल्या की बूच आतून ओलं राहतं. सुकलं की ते आकसतं आणि हवा आत शिरते. अन् या पत्र्याखाली तर उन्हाळ्यात माणूस शिजेल."

"मथुराबाई, कांदे घ्यायला आलात ना? मग कांदे बघा."

"बघते की. कांदे झकासच आहेत तुमचे," मथुराबाई म्हणाल्या. पिशवी भरली आणि निघून गेल्या.

त्या उन्हाळ्यात पत्रा असा तापला की हात लावला तर चटका बसावा. एका संध्याकाळी बापूंना वृषालीच्या एका बाटलीच्या मानेवरून लालसर ओघळ उतरलेला दिसला. बूच नखभर वर आलं होतं. बापूंनी ते अंगठ्याने दाबलं. ओघळ पुसला. फडकं नाकाशी नेलं, तर आंबूस वास. त्यांनी फडकं धुऊन वाळत टाकलं आणि घरात काही बोलले नाहीत. आठवड्याने आणखी दोन बाटल्यांवर ओघळ आले. बापूंनी तेही पुसले.

दोन वर्षं सरली. एक दिवस वृषालीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"बापू, पालेकर मॅडम आपल्या भागात नवी वाइनरी काढतायत. त्यांना वाइन करणारं माणूस हवंय. माझी पहिली वाइन चाखून त्या ठरवणार आहेत. तसं झालं तर मी घरीच येईन कायमची. बाटल्या नीट आहेत ना?"

बापूंची नजर चाळीकडे गेली.

"आहेत की," ते म्हणाले.

ठरल्या दिवशी पालेकर मॅडम वृषालीला बरोबर घेऊन आल्या. ओट्यावर सतरंजी घातली होती. शेजारच्या दोघीतिघी वाटी परत करायच्या निमित्ताने येऊन उभ्या होत्या. बापूंनी त्यातल्या त्यात स्वच्छ बाटली निवडून आणली. मॅडमनी ग्लासात ओतली, वास घेतला, एक घोट घेतला आणि ग्लास हलकेच खाली ठेवला.

"वृषाली, राग मानू नकोस. पण ही आंबट झालीय. करताना तुझ्या हातून काहीतरी राहिलं असणार."

वृषालीनेही चव घेतली. तिचा चेहरा उतरला.

"हो मॅडम," ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझंच चुकलं असेल. टाकी नीट धुतली गेली नसेल."

बापू खांबाला टेकून बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. गप्प बसले असते तर चार गावांतलं त्यांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. फक्त मुलगी आपल्याच हाताला दोष देत जन्म काढणार होती. तिने ती टाकी किती वेळा धुतली होती, हे द्राक्षं पोचवायला गेलेल्या बापूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते उठून उभे राहिले.

"मॅडम, तिने काही बिघडवलेलं नाही. बिघडवलं मी. मथुराबाईंना विचारा म्हणाली होती, मी विचारलं नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं, ते ऐकलं नाही. बाटल्या गळायला लागल्या तर डाग पुसत बसलो. आणि फोनवर पोरीशी खोटं बोललो."

वाटीवाल्या बायकांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. बापूंनी तिकडे बघितलं नाही. ते मॅडमना सरळ चाळीत घेऊन गेले. मॅडमनी उभ्या बाटल्या बघितल्या, वरच्या पत्र्याकडे बघितलं.

"ही तर भट्टी आहे, बापू. पण आता मी काय चाखू? दोष कोणाचा ते कळलं. हिचा गुण कसा कळणार?"

तेवढ्यात दारातून ठकूबाई म्हणाल्या, "चार आहेत."

"कसल्या चार?" बापूंनी विचारलं.

"पोरीच्याच. तुमच्या नव्या बाटल्यांना फळीवर जागा पुरेना, तेव्हा मला म्हणालात, यातल्या चार कुठेतरी ठेव. पहिल्या उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. मी मागच्या अंधाऱ्या खोलीत, माठांखालच्या ओल्या वाळूत आडव्या घातल्या. लेबलांचे कागद भिजून निघाले. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

वृषाली खोलीकडे धावणार होती. बापूंनी तिला थांबवलं आणि चपला पायात सरकवून स्वतः मथुराबाईंच्या घरी गेले.

"मथुराबाई, जरा येता का? मला यातलं कळत नाही."

मथुराबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पदराला हात पुसत त्या निघाल्या. वाळूतून बाटली काढली, बुचावर बोट फिरवलं, बाटली उजेडात धरली.

"ही जिवंत दिसतेय," त्या म्हणाल्या आणि त्यांनीच ती उघडली.

मॅडमनी एक घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"ही तू केलीस?"

वृषालीने होकाराची मान हलवली.

"एका बाटलीवर मी नोकरी देत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण येत्या हंगामात माझ्याकडे एक टाकी तुझी. तिची वाइन बघू आणि मग पुढचं बोलू."

दुसऱ्या दिवशी मथुराबाईंनी फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्या निवडल्या. बऱ्याचशा गेल्या होत्या. पांढऱ्या तर आणल्या त्याच वर्षी प्यायला हव्या होत्या, असं त्या म्हणाल्या. निवडून जेमतेम नऊ राहिल्या. त्या बापूंनी त्यांच्या सांगण्याप्रमाणे मागच्या खोलीत आडव्या घातल्या. "आता एक उघडा, चाखा, आवडली तरच तसली दुसरी आणा," मथुराबाईंनी बजावलं, आणि बापू "बरं" म्हणाले. या वेळचं "बरं" खरं होतं. त्यानंतर कोणी साठवणीचा सल्ला विचारायला आलं की बापू आधी विचारत, "कांदा की बाटली? बाटली असेल तर त्या पलीकडच्या आळीत जा, मथुराबाईंकडे."

गिरणीपुढची गोष्ट अशी अर्धीच खरी निघाली. चाळीत बाटल्या होत्या, बापू रोज दार लोटून आत जात, तेही खरं होतं. पण पीत नव्हते. दोन वर्षांत एखादा घोट जरी घेतला असता, तरी पहिल्याच उन्हाळ्यात सगळं उघडकीला आलं असतं.

तात्पर्य: एका कामातलं कसब दुसऱ्या कामात आपोआप येत नाही, म्हणून ज्याला येतं त्याला वेळेवर विचारावं, आणि आपल्या हातून बिघडलेलं दुसऱ्याच्या नावावर जाण्याआधी आपण होऊन सांगावं.