कौतिकाबाईचं कडू तेल

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या आज्यांच्याही आज्या परकर नेसून फिरत होत्या तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे बसा आणि मध्येच हसू नका. ही एका रागावलेल्या बाईची गोष्ट आहे आणि सांगताना माझंही डोकं तापतं.

तलावांच्या मुलखात करमटोला नावाचं गाव आहे. एका बाजूला तलाव, तीन बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि घरांच्या मागे माती काढून काढून झालेली डबकी. असं म्हणतात, तिथले मच्छर इतके दांडगे होते की बैलसुद्धा दिवस कलायच्या आत गोठ्यात शिरायला बघत. दर वर्षी हिवताप यायचा आणि दर वर्षी दोन-चार लेकरं घेऊन जायचा.

त्या गावात कौतिका नावाची ढिवराची विधवा राहायची. जाळी विणायची, मासे विकायची. तिची एकुलती एक लेक बुधी सहा वर्षांची असताना तापानं गेली. असं म्हणतात, कौतिका रडली नाही. ती तलावाच्या पाळीवर जाऊन बसली आणि मच्छर कुठं बसतात नि कुठं बसत नाहीत, एवढंच बघत राहिली. निरगुडीच्या झुडपात अंग घासून आलेल्या म्हशीवर एकही बसेना, तेव्हा ती उठली.

तिनं करंजाच्या बिया कुटून तेल काढलं. त्यात वाळलेल्या निंबोळ्यांचा कूट आणि निरगुडीचा पाला टाकून ते मंद आचेवर ठेवलं. पाला तडतडायचा थांबला की तेल उतरवायचं, फडक्यातून गाळायचं आणि हातापायांना चोळायचं. तान्ह्याच्या अंगाला लावायचं नाही, तेलात भिजवलेलं फडकं पाळण्याच्या दोरीला बांधायचं. दिवेलागणीला गोवरीच्या निखाऱ्यावर कडुनिंबाचा पाला टाकून घरभर धूर करायचा. एवढंच. पाला बांधावरचा आणि बिया झाडाखालच्या, त्यात अवघड काय होतं सांगा.

पण तेलाला वास होता. कडू, उग्र वास. कौतिका दारोदार तेल घेऊन गेली आणि लोकांनी नाकाला पदर लावले. गावचा डोमा पाटील म्हणाला की करंजाच्या वासानं घरातली लक्ष्मी उठून जाते. बायकांनी तिच्यासमोर तेल घेतलं आणि तिची पाठ वळताच कुडापलीकडे ओतलं. ते तिनं पाहिलं. मग तिच्या जिभेला हाड राहिलं नाही.

"वास येते म्हणता," ती चावडीसमोर उभी राहून म्हणाली, "मेलेल्या लेकराचा वास कसा चालते तुमाले?"

आता करमटोल्याची रीत ऐका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. मारबत म्हणजे पळसाच्या फांद्यांची आणि चिंध्यांची बाई. तिला ओढत शिवेबाहेर न्यायचं, खोकला, ताप, ढेकूण, मच्छर सगळं घेऊन जाय म्हणून ओरडायचं, पेटवायचं आणि मागे न बघता घरी यायचं. मारबतीसोबत जे गेलं ते पुन्हा गावात आणायचं नाही. गावाला वाटायचं, एकदा ओरडलं की वर्षाचं काम झालं. घरामागची डबकी तशीच भरलेली. त्या वर्षी पाटलानं मारबतीच्या हातात तेलाचं मडकं दिलं आणि सगळं गाव ओरडलं, "करंजाचा वास घेऊन जाय गे कौतिके!"

कौतिका घरातून बाहेर आली. मारबतीच्या पुढे जाऊन चालू लागली. शिवेवर पोचल्यावर तिनं वळून गावाकडे पाहिलं.

"जातो मी," ती म्हणाली. "पण मच्छर नाही नेत. ते तुमी पोसले, तुमीच ठेवा."

शिवेपलीकडच्या करंजाखाली तिनं झोपडी बांधली. असं म्हणतात, त्याच संध्याकाळी मच्छरांचा असा थवा उठला की सूर्य दिसेनासा झाला आणि तो सगळा गावावर उतरला. झोपडीभोवती मात्र हाकेच्या अंतरात एक मच्छर नव्हता.

पाटलाची सून पारबता तेव्हा आठ दिवसांची बाळंतीण होती. आधीची दोन लेकरं तिनं तापातच घालवली होती. तिसऱ्याच्या गालावर चावल्याचे डाग दिसले आणि ती उठली. कौतिकेला गावात आणता येत नव्हतं, आणि बारशाआधी बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नव्हता. सासरा दारात आडवा झाला. ती बाळाला घेऊन त्याच्यावरून पाय टाकून झोपडीकडे गेली. पाटलाला ओलांडलं तिनं, आणि बरं केलं.

कौतिका तिला बघून म्हणाली, "आता आली काय?" मग बाळाला मांडीवर घेतलं. पारबतानं तेल मागितलं.

"देणार नाही," कौतिका म्हणाली. "दिलेलं तेल तुमी कुडापलीकडे ओतता. कूट. आपल्या हातानं कूट."

ओली बाळंतीण दिवसभर करंज कुटत बसली. कौतिका शेजारी बसून शिव्या देत होती आणि बाळाला पदरानं वारा घालत होती. ते बाळ जगलं. मग एकेक करून गावातल्या साऱ्या बायका शिव ओलांडून आल्या, शिव्या खाल्ल्या आणि शिकून गेल्या. बाप्यांनी डबकी बुजवली. त्या पावसाळ्यात करमटोल्यात एकही लेकरू गेलं नाही.

शेवटी डोमा पाटील पागोटं हातात घेऊन तिला घरी न्यायला आला. ती उठली नाही. जोवर जगली तोवर गावात तिनं पाऊल टाकलं नाही, आणि मला विचाराल तर अगदी बरोबर केलं. असं म्हणतात, ती गेल्यावर लोकांनी तिच्या नावाचा दगड चावडीसमोर बसवला. सकाळी तो शिवेपलीकडे होता. तीनदा आणला, तीनदा गेला.

आजही मारबतीच्या दिवशी करमटोल्यात प्रत्येक घर आपलं तेल आपण उकळतं, विकतचं किंवा शेजारचं चालत नाही. मग सगळे शिवेवर जातात. पाटलाच्या घरातली थोरली सून त्या दगडाला तेल लावते आणि म्हणते, "चुकलो माय, घरी चाल." मग लेकराबाळांसकट सगळे गप्प उभे राहतात, उत्तराची वाट बघत.

कौतिकाबाई अजून बोललेली नाही.