कालची आमटी

एका गावात गोमाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं सगळं ऐकायचा, एवढाच त्याचा दोष.

त्याची बायको हौसा उजाडायच्या आत रानात भांगलणीला जायची, त्यामुळे सकाळची न्याहारी गोमाजीच्या गळ्यात पडलेली. अशात गावात स्पर्धा जाहीर झाली. रात्रीच्या उरलेल्या जेवणातून सकाळची सोपी, अंगी लागणारी न्याहारी करायची. पहिलं बक्षीस कुकर. हौसाचा अर्धा जन्म चुलीवर तूरडाळ शिजवण्यात गेला होता. तिला झोपेतही शिट्ट्या ऐकू यायला लागल्या.

एका रात्री भाकरी उरल्या. गोमाजीने सकाळी त्या कुत्र्याला घातल्या आणि स्वतः उपाशी बसला. हौसा रानातून आली.

"अवो, उरलेलं टाकायचं न्हाई. कुस्करायचं आन् वर कांदा-मिरचीची फोडणी द्यायची."

"बरं," गोमाजी म्हणाला. त्याला कुठलीही गोष्ट एकदाच सांगावी लागे. घोटाळा तिथेच होता.

पुढे शेजारणीने पुरणपोळ्या पाठवल्या. त्यातल्या थोड्या उरल्या. गोमाजीने त्या मन लावून कुस्करल्या आणि वर कांदा-मिरचीची चरचरीत फोडणी ओतली. हौसाने एक घास खाल्ला आणि ती तांब्याभर पाणी प्यायली.

"अवो, गोडाला फोडणी नसती. तव्यावर तूप सोडून नुसतं परतायचं."

"बरं."

त्या रात्री आमटी उरली. सकाळी गोमाजीने तवा तापवला, तूप सोडलं आणि पातेलंभर आमटी तव्यावर ओतली. परतायला उलथनं घेतलं, तोवर आमटी खाली गेली होती आणि चूल विझली होती. तो विझलेल्या चुलीशी बराच वेळ परतत बसला.

हौसाने कपाळावर हात मारला. "पातळ असलं की त्यात पीठ कालवायचं, कांदा-कोथिंबीर घालायची, थालीपीठ लावायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी हौसाचा मामा मुक्कामाला आला. रात्री पुन्हा आमटी उरली. आणि काय सांगावं, गोमाजीचं या वेळी बरोबर जमलं. बारा गावचं पाणी प्यालेला मामा, पण चार थालीपीठं खाऊन बोटं चाटायला लागला.

"लई झ्याक झाल्यात, जावईबापू."

"हुणारच मामा. रातची आमटी उरलीवती. शिळी व्हती, म्हनून तुमास्नी वाढली."

मामाचा हात तोंडापाशी थांबला. मग तो उठून हात धुवायला गेला.

हौसा आत येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "पाव्हण्याम्होरं शिळं न्यायचं न्हाई. कुणी इचारलं तर ताजंच सांगायचं."

"बरं," गोमाजी म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी हौसाने स्वतः थालीपीठं लावली. पारावर मांडव घातला होता, सारा गाव जमला होता. मामाही पुढे येऊन बसला होता. तालुक्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी हौसाच्या थालीपिठाचा तुकडा खाल्ला, मग आणखी एक मागून घेतला. हौसाचं काळीज सुपाएवढं झालं.

"छान झालंय," बाई म्हणाल्या. "यात कालचं काय आहे?"

हौसा तोंड उघडणार, तोच गोमाजी पुढे झाला.

"कालचं? न्हाई बाई. तुमी पाव्हण्या. समदं ताजं हाय."

"मग हे स्पर्धेत बसत नाही."

"न्हाई वो बाई, शिळंच हाय," हौसा काकुळतीला आली. "आईशपत शिळं हाय. आमी रोजच शिळं खातो. मामालाबी तेच घातलं." सगळा गाव ऐकत होता. मामा जमिनीकडे बघत होता.

"नवऱ्याचं खरं धरू की तुमचं? काही पुरावा आहे?"

हौसाला आठवलं. कालची थोडी आमटी घरी ठेवलेली होती. ती नवऱ्याकडे वळली.

"पळत जावा आन् आमटीचं पातेलं घिऊन या. बाईंना दावायचंय."

गोमाजी पळत गेला. घर काही लांब नव्हतं, पण तो येईना. बाईंनी शेजारणीचं धरून बाकीची सगळी ताटं चाखून संपवली. चहा झाला. मांडव सोडायला माणसं आली. हौसाने बाईंचा पदर तेवढा धरायचा बाकी ठेवला.

शेवटी गोमाजी आला. घामाने निथळत होता, हातात फडक्यात धरलेलं पातेलं. बाईंनी झाकण काढलं. भसकन वाफ आली. आमटीवर हिरवीगार कोथिंबीर होती.

"ही कसली?" हौसाने विचारलं.

"आमटी. बाई पाव्हण्या, त्यांच्याम्होरं शिळी कशी आणू? आन् उरलेलं टाकायचं न्हाई, म्हनून कालची मी पिऊन घेतली. ही ताजी केली."

बाईंनी कुकर उचलून शेजारणीच्या हातात दिला. हौसा नवऱ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. तिला राग उशिराचा आला असणार, असं गोमाजीला वाटलं.

"माझ्यावर कशाला डोळं काढतीस?" तो म्हणाला. "डाळ शिजंना. आपल्या घरात कुकर कुठं हाय?"