तेल्याची लेक आणि घाण्याचा बैल

फार वर्षांपूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक तेली राहत होता. बायको कधीच वारली होती. घरी एक लाकडी घाणा, एक म्हातारा बैल आणि चिमा नावाची लेक.

चिमा वीस वर्षांची झाली तरी मोजकंच बोलायची. कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. ढोल वाजला की कान झाकून भिंतीला टेकायची. लोक तिला खुळी म्हणत. पण बैल घाण्याला जुंपला की ती त्याच्या बाजूने गोल गोल चालत राही, आणि त्याचं कुठे काय दुखतंय ते तिला सगळ्यांआधी कळे.

एकदा पाटलाच्या घरी लग्न निघालं. चार दिवसांत दहा घागरी तेल हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी चिमा म्हणाली, "बाबा, बैलाचा खांदा सुजलाय. आत पू आहे."

"लग्न होऊ दे, मग बघू," तेली म्हणाला.

"खांदा सुजलाय." दिवसभर ती तेच म्हणत राहिली. शेवटी तिने जू उतरवलं आणि बैलासमोर फतकल मारून बसली.

तेल्याने तिला दंडाला धरून ओढलं. कुणी धरलेलं तिला सोसत नसे. ती किंचाळली. सगळी आळी गोळा झाली. तेल्याला लाज वाटली. त्याने लेकीला खोलीत कोंडलं, बैल पुन्हा जुंपला आणि चाबूक ओढला. आतून तिचं ओरडणं चालूच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बैल गुडघ्यांवर कोसळला, तो उठलाच नाही.

"कालपर्यंत चालणारा बैल असा कसा मेला?" तेल न्यायला आलेल्या पाटलाने विचारलं.

एक म्हातारी म्हणाली, "ही पोरगी दोन दिवस त्याच्या नावाने ओरडतेय. तिचीच नजर लागली. गावात ठेवू नका हिला."

सगळे तेल्याकडे बघू लागले. 'तिने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही,' एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण समोर पाटील होता. तेल्याने मान खाली घातली.

त्याच दिवशी चिमाला नदीपलीकडे आत्याकडे धाडलं.

महिनाभर तेल्याचं मन त्याला खात राहिलं. अखेर त्याने चावडीवर जाऊन सगळं खरं सांगितलं आणि तसाच नदी ओलांडून गेला.

"ती घरात थांबतच नाही," आत्या म्हणाली. "गलबला सोसत नाही तिला. गोठ्यात शेळ्यांजवळ झोपते."

चिमा निम्मी झाली होती. तेली गोठ्याच्या दारातूनच म्हणाला, "चल घरी, बाळ. मी सगळ्यांना खरं सांगितलंय."

ती दोन पावलं मागे सरली. "नको," म्हणाली.

मरेपर्यंत तो दर अमावास्येला येत राहिला. ती कधीच गेली नाही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जो दुखणं दाखवतो, त्याच्याच माथी दुखण्याचा दोष मारू नये. खरं वेळेवर बोललं नाही, तर गेलेलं माणूस नंतर बोलून परत येत नाही.