ठकूमायच्या अर्ध्या पायऱ्या

फार वर्षांमागं, जेव्हा डोंगरांच्या माथ्यावरही गावं नांदायची, तेव्हाची ही गोष्ट. धामणमाळ नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात ठकूमाय कुंभारीण राहायची. तिच्या माठातलं पाणी पिऊन भांडणं निवायची, असं म्हणतात.

माथ्यावर धुकं फार, गारठा फार. ठकूमाय चाळिशीला आली आणि तिला संधिवातानं धरलं. आधी बोटांची पेरं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठलं की मूठ मिटायची नाही. चाक फिरवणं सुटलं. वर्षभर ती नुसती रडली. मग तिच्या ध्यानात आलं, की भट्टीच्या कोमट राखेत हात ठेवले, निर्गुडीचा पाला बांधला आणि बोटं हळूहळू हलवत राहिलं, तर दुपारपर्यंत ती थोडी ऐकतात. दुखणं गेलं नाही. पण त्याच्यासंगं नांदायला ती शिकली.

एका पावसाळ्याच्या अखेरीला गावावरचा कडा तडकला. माणूस आत उभा राहील एवढी भेग पडली. हैबती पाटलानं गाव गोळा केलं. म्हणाला, "पुढच्या पावसात हा कडा गावावर येणार. चैत्रात समद्यांनी खाली उतरायचं."

खाली जायला एकच वाट होती, खडकात खोदलेली. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. वाट इतकी अरुंद, की डोली वळायची नाही, आणि पाठीवर माणूस घेतला तर दोघंही दरीत. गावात सांधे धरलेली नऊ माणसं होती.

"त्यांचं काय?" कुणीतरी विचारलं.

पाटलानं मान खाली घातली. "त्यांच्यापाशी दाणागोटा ठेवून जाऊ."

ठकूमाय उठली. उठायलाच तिला वेळ लागला.

"पाटील, त्या नवांत मी बी हाय. चैत्राला किती दिस हायेत?"

"पाच म्हैने."

"मग आत्तापासनंच आमाला मारू नगा."

दुसऱ्या दिवशी तिनं बाकीच्या आठ जणांना भट्टीच्या अंगणात बोलावलं. त्यांत भिवबा होता, एके काळचा पैलवान. आणि हौसा होती, विशीतली. बाळंतपणानंतर तिचे सांधे असे धरले होते, की स्वतःचं लेकरू तिला उचलवत नव्हतं. सासू म्हणायची, ढोंग करते. ठकूमायनं सासूचा हात धरला आणि हौसाच्या मनगटावर ठेवला.

"बघ, कसं तापलंय. ढोंगाला कधी सूज येती व्हय गं?"

दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं पाणी सासू भरू लागली.

भिवबा मात्र चिडला. "म्या फडात भलेभले आडवे केले. आन आता पाय उचलायला शिकू?"

"शीक की," ठकूमाय म्हणाली. "दुखलं की थांब. पण थांबून बसू नगंस."

तो शिकला. कार्तिकात दोन पावलं, पौषात अंगणभर. पण गुडघ्याएवढी पायरी काही कुणाला उतरवेना. तेव्हा ठकूमायनं विटा थापायला घेतल्या. चाक जमत नव्हतं, पण तळव्यानं माती थापता येत होती. दिवसा थापलेल्या विटा सकाळी मोजल्या की दुप्पट भरायच्या, असं म्हणतात. त्या विटांनी प्रत्येक उंच पायरीपाशी एक अर्धी पायरी बांधायची. पहिली पाटी डोक्यावर घेऊन वाटेला लागला तो स्वतः हैबती पाटील. मग सगळं गाव त्याच्यामागं गेलं.

चैत्र आला. शेवटच्या वीस पायऱ्यांना विटा कमी पडल्या आणि माथ्यावर जाळायला लाकूडही उरलं नव्हतं. ठकूमाय घटकाभर भट्टीजवळ बसली. मग म्हणाली, "भट्टी मोडा. हिच्याच विटा काढा."

उतरायच्या सकाळी दाट धुकं होतं, पायाला कळ लागेल असा गारठा. भिवबानं भीत भीत पहिल्या अर्ध्या पायरीवर पाऊल टेकलं आणि ओरडला, "अगं माय, ही तर ऊन हाय!" भट्टीतून निघून कैक दिवस झालेल्या विटा निवाल्याच नव्हत्या. त्या उबेनं सांधे मोकळे झाले, असं म्हणतात. सगळ्यात हळू चालणारी नऊ माणसं पुढं, धडधाकट गाव मागं. दिवसभर गाव वाट उतरत होतं. हौसा वाटेत दोनदा बसली, दोनदा उठली. शेवटची वळणं तिनं लेकराला कडेवर घेऊन उतरली.

सांजेला शेवटचा माणूस सपाटीला लागला आणि मगच वरचा कडा सुटला. इतका वेळ त्यानं धीर धरला होता, असं म्हणतात.

ठकूमायची बोटं मरेपर्यंत वाकडीच राहिली. त्या बोटांनी तिनं खाली नवी भट्टी घातली आणि नव्या गावाच्या विटा थापल्या.

आजही खाली वसलेल्या धामणमाळात कुठल्याच घराची पायरी वितीपेक्षा उंच नसते. आणि चैत्रात गाव उतरलं त्या दिवशी पालखी निघते, तेव्हा गावात ज्याचे सांधे सगळ्यात जास्त धरलेत, तो पुढे चालतो. गेल्या वर्षी अंगणवाडीच्या कुसुमताई होत्या, वय अवघं एकतीस. अर्ध्या कोसाला दुपार झाली. वाटेत त्या तीनदा थांबल्या. तिन्ही वेळा ढोल थांबले, पालखी थांबली, सगळं गाव उन्हात उभं राहिलं. कुणी घाई केली नाही. मग कुसुमताईंनी पाऊल उचललं, आणि ढोल पुन्हा वाजू लागले.